चुळबुळीच्या गळ्यातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि एका जागी शांत पडून राहणे मला आजवर जमलेले नाही. माझ्या अंगावर पूर्वी चकचकीत निकेलचा मुलामा होता. ओठ लागतात तिथे आणि बोटे धरतात तिथे तो केव्हाच झिजला. आता आतले पिवळे पितळ उघडे पडले आहे. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. कुणी फुंकले की ती गरागरा फिरते आणि माझा आवाज थरथरतो. कुणी फुंकले नाही तरी चालताना, पळताना, जिना उतरताना ती आपली खुळखुळत राहते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्यातून साच्याने माझे तुकडे कापले, वाकवले, डाख देऊन जोडले. एका बाईने बुचाची गोळी माझ्या फटीतून अंगठ्याने आत दाबली. शेवटी एका मिशीवाल्या माणसाने आम्हा सगळ्यांना एकेकदा फुंकून पाहिले. बाकीच्या साधारण वाजल्या. मी इतकी कर्कश वाजले की त्याने कान चोळला आणि म्हणाला, "ही ज्या मास्तराच्या हाती पडेल, त्याच्या पोरांचं काही खरं नाही."

मी मास्तराच्या नाही, एका मास्तरणीच्या हाती पडले. ती सार्वजनिक तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. उंच, सडपातळ, लांब पावले टाकत तलावाच्या कडेने सतत इकडून तिकडे फिरणारी. मुले तिला पाठीमागे 'पाणकोंबडी' म्हणत. तिला ते माहीत होते. एकदा एका मुलाच्या तोंडून चुकून समोरच निघून गेले, "पाणकोंबडी मॅडम, नाकात पाणी गेलं!" तर ती म्हणाली, "जाऊ दे. माझ्या पिल्लांच्या नाकात जातंच."

काय दिवस होते ते! सकाळी दार उघडायच्या आधीच मी तिच्या गळ्यात असायचे. पाण्याचा उग्र औषधी वास, ओल्या फरशा, चड्ड्या सावरत धावणारी पोरे. "पळू नका, घसराल!" असे ती ओरडायची आणि लगेच मला फुंकायची. माझ्या एका आवाजासरशी अख्खा तलाव जागच्या जागी थबकायचा. आईबाप कठड्यापलीकडून म्हणायचे, "बाईंची शिट्टी काय जोरदार आहे हो!" मला फार अभिमान वाटायचा. पण खरे सांगायचे तर जोर माझा नव्हता, तिच्या छातीतला होता. मी नुसती वाट होते.

तिला एक मुलगी होती. घरात ती मुलगी कधी नीट बसून जेवली नाही, कधी एका कुशीवर झोपली नाही. खुर्चीवर बसली तरी पाय हलत. म्हणून आईने तिचे नाव ठेवले होते चुळबुळ. "आमची चुळबुळ आली का शाळेतून?" असे ती दारातूनच विचारायची. बाबा चष्म्याच्या दुकानात काम करत. त्यांचा दिवस भिंगे घासण्यात, काचा बसवण्यात आणि पुसण्यात जायचा. ते जितके शांत, तितक्या या दोघी वादळी. संध्याकाळी आई मला दाराजवळच्या खुंटीला अडकवायची, आणि चुळबुळ तिथून मला काढून घरभर फुंकत सुटायची. बाबा कानांवर हात ठेवून म्हणायचे, "अहो बाई, तुमच्या तलावाला दार नाही का? इथपर्यंत येतोय तो!"

मग एका सकाळी शिकवणी संपवून आई कपडे बदलायला गेली आणि तिथेच खाली कोसळली. डोक्यातली एक नस फुटली होती. इस्पितळात नेले. डॉक्टरांनी शर्थ केली, पण ती शुद्धीवर आली नाही.

इस्पितळात परिचारिकेने तिच्या अंगावरच्या वस्तू एका पिशवीत घालून बाबांपुढे धरल्या. बाबा पिशवीकडे नुसते बघत राहिले. त्यांचे हात खिशातून बाहेरच येईनात. तेव्हा चुळबुळीने पिशवी घेतली. आत अंगठी होती, केसांचा चाप होता आणि मी होते. तिने मला बाहेर काढले, गळ्यात घातले आणि फ्रॉकच्या आत सोडून दिले. माझी दोरी तलावाच्या पाण्याने आणि आईच्या घामाने कडक झालेली होती. ती पोरीच्या मानेला टोचत असणार. पण तिने हूं की चूं केले नाही.

त्या दिवसापासून मला कुणी फुंकले नाही.

घर सांभाळायला मावशी येऊन राहिली. ती आईची मोठी बहीण. तिच्याबरोबर तिची लहान मुलगी होती, जेमतेम बोलायला लागलेली. मावशी कामाला वाघ. तिने कपाटे आवरली, पडदे धुतले, स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावले. दुःख असे झाडूनपुसून निघते अशी तिची समजूत असावी. बाबा तिला कशालाच नाही म्हणत नसत. ते दुकानात जायचे, यायचे, जेवायचे आणि खिडकीशी बसायचे.

चुळबुळीला मात्र आता खरोखरच कुठे बसवेना. शाळा सुटल्यावर ती सरळ घरी येत नसे. तरणतलाव घर आणि शाळा यांच्या मधोमध होता, म्हणून ती लांबचा वळसा घ्यायची. लाकडाच्या वखारीवरून, छापखान्याच्या भिंतीवरून, बसच्या आगारामागून. पावले झपाझप, जणू कुणी तरी वाट पाहते आहे. मध्येच थांबायची, फ्रॉकवरून मला चाचपायची आणि पुन्हा चालू लागायची. वर्गात बाकावर तिचे गुडघे एकसारखे हलत आणि माझ्या पोटातली गोळी त्या तालावर खुळखुळे. शेजारची मुलगी चिडून बाईंकडे गेली तेव्हा वर्गशिक्षिकांनी बाबांना बोलावून घेतले.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," त्या म्हणाल्या, "पण बूड म्हणून टेकत नाही. आणि ते गळ्यातलं काय वाजत असतं?"

"तिच्या आईचं आहे," बाबा म्हणाले.

दोघांनी एकमेकांना उगाचच नमस्कार केला आणि बाबा परत फिरले.

त्याच सुमारास विज्ञानाच्या तासाला एक प्रयोग झाला. शिक्षकांनी रिकामी बाटली वर्गाला दाखवली आणि विचारले, "हिच्यात काय आहे?" सगळे म्हणाले, "काही नाही." मग त्यांनी बाटली उलटी करून पाण्यात बुडवली. पाणी आत जाईना. तिरकी केल्यावर बुडबुडे बाहेर आले. "बघा," शिक्षक म्हणाले, "ती रिकामी नव्हतीच. आत हवा होती. जागा दुसऱ्या कशाने भरली नाही, तर आत आधीची हवा असतेच."

चुळबुळीचे गुडघे हलायचे एकदम थांबले. तिचा हात हळूच फ्रॉकवर आला आणि तिने मला मुठीत घट्ट धरले.

शाळा सुटल्यावर त्या दिवशी ती वळसा न घेता, तलावाकडे न बघता, धावत घरी आली. स्वयंपाकघरातून मेणबत्ती घेतली. मोरीत जाऊन कडी लावली. मेणबत्ती पेटवली आणि एकेक थेंब मेण माझ्या तोंडात आणि वरच्या फटीत सोडले. बोट भाजले तरी थांबली नाही. मग अगदी हलक्या आवाजात मला म्हणाली, "आता बाहेर जायचं नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. शेवटचे मला आईने फुंकले होते. त्या सकाळची तिची शेवटची फुंक माझ्या पोटात अजून आहे, असे या पोरीने धरले होते. आईचे कपडे धुतले गेले, उशीचा अभ्रा बदलला, कंगव्यातले केसही मावशीने काढून टाकले. उरला होता तो एवढासा श्वास, आणि तो तिला सांडू द्यायचा नव्हता.

मला तिला सांगायचे होते की बाळ, असे नसते. श्वास माझ्यात येतो तो राहायला येत नाही. तो गोळीला ढकलतो, आवाज होतो आणि त्याच क्षणी निघून जातो. पण शिट्टीला आपणहून बोलता कुठे येते? आणि आता तर तोंडातच मेण होते. माझी गोळीही मेणाला चिकटून बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी मुकी झाले. कुणी मानगूट धरून उभे करावे तसे ते दिवस मी काढले.

आणि पोर? तिला वाटले असेल की आता जिवाला शांतता लाभेल. झाले उलटेच. जपायला काही असले की ते हरवायची भीती आलीच. मेण उन्हाने वितळेल म्हणून ती सावलीतून चालू लागली. खेळाचा तास बुडवू लागली. अंघोळीच्या वेळी मला मोरीबाहेरच्या उंच फळीवर ठेवायची, दार किलकिले ठेवायची, आणि डोळे मिटून तोंडाला साबण लावायची वेळ आली की घाबरून मध्येच डोळे उघडायची. साबण झोंबून डोळे लाल व्हायचे. मावशी विचारायची, "रडलीस का गं?" ती म्हणायची, "साबण गेला." ते खरेही होते, पण पूर्ण खरे नव्हते.

एके दिवशी अंघोळ चालू असताना मावशीच्या लहान मुलीने स्टुलावर चढून मला खाली काढले आणि गाल फुगवून फुंकले. आवाज आलाच नाही. "बिघलली," ती म्हणाली. तेवढ्यात चुळबुळ ओल्या केसांनी बाहेर आली. तिने त्या चिमुरडीला असा धक्का दिला की ती भिंतीवर आपटली आणि किंचाळत रडू लागली.

"अगं, शिट्टीच आहे ती!" मावशी ओरडली. "एवढ्याशा शिट्टीसाठी जीव घेतेस का पोरीचा?"

"हात नाही लावायचा! कुणीच हात नाही लावायचा!"

"सांगा हो काही हिला!" मावशी बाबांकडे वळली. बाबा खिडकीशी बसले होते. ते उठले, रडणाऱ्या भाचीला कडेवर घेतले आणि गॅलरीत निघून गेले. चुळबुळ जमिनीवर बसून माझ्या तोंडातले मेण नखाने चाचपत राहिली. ते शाबूत होते. मग तिला रडू आले. बहिणीला मारल्याचे की शिट्टी वाचल्याचे, हे तिलाही सांगता आले नसते.

वर्ष सरल्यावर मावशी तिच्या घरी गेली. जाताना चुळबुळीला जवळ घेऊन म्हणाली, "माझं काही चुकलं असेल तर राग धरू नकोस गं. मला नुसतं बसायची सवय नाही. मी बसले असते तर मोडून पडले असते." चुळबुळीने मावशीची पिशवी खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली.

आता घरात दोघेच. मुलगी भराभर उंच होत होती. फ्रॉक जाऊन कुडते आले. माझ्या अंगावर हिरवट किटण चढले होते, आणि तिच्या छातीवर माझा एक काळपट डाग कायमचा उमटला होता. त्यातच तिला ताप आला. बाबा दिवसभर तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. तापात ती तळमळायची आणि माझी कडक दोरी मानेला घासायची. मानेवर चट्टा उठला, मग तो चिघळला. ताप उतरल्यावर एका दुपारी तिला गाढ झोप लागली. बाबांनी तिची मान अलगद उचलली आणि मला काढून घेतले. तिच्या आईनंतर मला हातात घेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. शटर अर्धे वर करून ते आत शिरले आणि दिवा लावला. त्यांच्याकडे चष्मे धुण्याचे एक लहान यंत्र होते. त्यातले साबणाचे पाणी बारीक थरथरते आणि कानाकोपऱ्यातला मळ सुटतो. बाबांनी मला आधी गरम पाण्यात ठेवले. माझ्या तोंडातले मेण मऊ झाले, तरंगत वर आले. "कुठे मेणबत्तीपाशी पडली होती की काय कोण जाणे," ते स्वतःशीच पुटपुटले. मग यंत्रात धुतले. मग मऊ फडक्याने इतके घासले की माझ्यात त्यांचे तोंड दिसू लागले. जुनी दोरी त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि चष्म्याला लावतात तसली मऊ नवी दोरी मला बांधली. चष्म्याच्या एका मखमली डबीत मला ठेवले. घरी परतताना ते कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणत होते.

घरी येऊन पाहतात तर काय! गादी उलटी टाकलेली, कपाटे उघडी, दप्तर जमिनीवर रिकामे केलेले. मधोमध चुळबुळ उभी, अंगात त्राण नाही आणि डोळे नुसते भिरभिरत.

"बाबा, माझी शिट्टी..."

"ही काय! माझ्याकडे आहे. बघ तरी." बाबांनी डबी उघडली.

तिने माझ्याकडे पाहिले. मला उचलून माझ्या तोंडाला बोट लावले, फटीला लावले. मग नाकाशी धरले. मला साबणाचा वास येत होता.

"तू धुतलीस?"

"किती घाण झाली होती गं. तुझ्या मानेला बघ केवढं..."

"तू तिला धुऊन टाकलंस." तिचा आवाज इतका बारीक होता की बाबांना आधी कळलेच नाही.

"काय?"

"आई होती हिच्यात! तिचा श्वास होता! मी कोंडून ठेवला होता, आणि तू धुऊन टाकलंस!" मग एकदम, "दोरी कुठंय? तिची दोरी?"

"टोपलीत... दुकानात..."

ती तशीच जिना उतरली. बाबा तिच्या मागे. वाटेत एक बाई म्हणाली, "अहो, पोरीच्या पायात चप्पल नाही." ते दोघे धावत होते आणि मी तिच्या मुठीत. किती तरी काळानंतर माझी गोळी सुटी झाली होती आणि खुळखुळत होती.

शटर वर गेले. तिने टोपली उलटी केली. टोपली रिकामी होती. बाबांनी निघताना कचरा बाहेरच्या पिंपात टाकला होता, आणि पिंप तोवर कचऱ्याच्या गाडीवाल्याने रिकामे केले होते. ती पिंपात डोके घालून पाहत राहिली. दोरी गेली ती गेलीच, मित्रांनो. ती पुन्हा कधी मिळाली नाही.

चुळबुळ दुकानाच्या फरशीवर बसली. बाबा तिच्यासमोर उभे होते. ते काही तरी समजावतील, श्वास असा राहत नसतो वगैरे सांगतील, असे मला वाटले. पण ते टेबलामागे गेले, सगळ्यात खालचा खण किल्लीने उघडला आणि एक चष्मा काढला. दोन्ही काड्या बोटांच्या टोकांत धरून ते खाली तिच्याजवळ बसले.

"आईचा," ते म्हणाले. "काडी सैल झाली होती म्हणून दुरुस्तीला दिला होता तिने. त्याच आठवड्यात. हात लावू नको, नुसता बघ. उजेडाकडे धरतो."

काचेवर अंगठ्याचा एक ठसा होता. रेघ न् रेघ दिसत होती.

"तुला आठवतं, ती चष्मा कसा काढायची? काचेलाच धरून. मी किती ओरडायचो तिला. चष्मेवाल्याची बायको असून काचा खराब करतेस, म्हणायचो. कडेने धर, कडेने धर..." ते थांबले. "दिवसभर मी लोकांच्या काचा पुसतो गं. ह्या काचेवर साधी फुंकर नाही घातली अजून."

चुळबुळ त्या ठशाकडे एकटक पाहत होती.

"मला का नाही दाखवलास?"

"भीती वाटली. तुझा हात लागला असता. चुकून."

"मला पण तीच भीती होती," ती म्हणाली. "म्हणून तुला नाही सांगितलं."

बाबांनी चष्मा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मी तुझं पुसून टाकलं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं गं मी. नुसतं विचारायला हवं होतं."

त्यावर 'असू दे' असे तिने म्हटले नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि तो काही दिवस राहिला. पण घरी जाताना तिने बाबांच्या चपला स्वतःच्या पायात घातल्या आणि बाबा अनवाणी चालले.

त्यानंतर मी पुन्हा दाराजवळच्या खुंटीवर आले. चुळबुळ येता-जाता मला बघायची, घ्यायची नाही. "आता काय, साधी शिट्टीच ती," असे एकदा मैत्रिणीला म्हणाली. मला फार लागले ते. मेणाने मुके असणे परवडले, पण तोंड मोकळे असून कुणी न फुंकणे कठीण. वाऱ्याने दार आपटले की मी खुंटीवर हलायचे, तेवढेच माझे जगणे.

तिची शाळेची शेवटची परीक्षा संपली. सकाळी चहा पिताना बाबा अचानक म्हणाले, "मला पोहायला शिकव."

चुळबुळीने कप खाली ठेवला. "काय?"

"तुझ्या आईने अख्ख्या गावाला शिकवलं आणि नवरा तेवढा कोरडा ठेवला. मीच जायचो नाही. घाबरायचो. आणि आता तर तलावावरून जायला नको म्हणून रोज वखारीवरून वळसा घालतो. गुडघे दुखायला लागलेत माझे."

"तू वखारीवरून जातोस?"

"मग? छापखान्यावरून, आगारामागून."

ती हसली की काय ते मला खुंटीवरून दिसले नाही, पण तिने नाकाने एक आवाज केला. मग खुर्ची सरकली, आणि तिच्या हाताने मला खुंटीवरून काढले.

तलावाच्या फाटकावर पंप सांभाळणारे काका उभे होते. आईच्या वेळचेच. त्यांनी आधी चुळबुळीला ओळखले नाही. मला ओळखले. बघत राहिले, मग घसा खाकरून भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. "शिक्षकांशिवाय कुणी शिट्टी वाजवायची नाही, असा नियम आहे."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली.

"हं." त्यांनी पाटीकडे पाठ फिरवली. "मी पंप बघायला चाललोय. पंपापाशी मला काही ऐकू येत नाही."

बाबा चड्डी घालून, पोट आत ओढून, उथळ पाण्यात उतरले. चष्मा काढून तिच्या हातात दिला. त्यांचा नंबर मोठा. चष्म्याविना त्यांना हाताच्या अंतरापलीकडे सगळे धूसर दिसे. कडेची दांडी त्यांनी अशी पकडली, जणू तलावच वाहून जाणार होता. शेजारी लहान मुले खुशाल डुबक्या मारत होती.

"सोड दांडी."

"कुठं जाऊ? मला पलीकडची भिंतच दिसत नाही."

"मी पलीकडे उभी राहते. आवाजाकडे ये."

ती लांब पावले टाकत पलीकडच्या कडेला गेली आणि मला ओठांशी नेले. आणि तिथेच थांबली. तिचा पहिला श्वास आला तो नुसता फुसफुसला. थुंकी उडाली, आवाज नाही. एक लहान मुलगा फिदीफिदी हसला. तिने ओठ पुसले, छाती भरून घेतली आणि फुंकले.

मित्रांनो, मी वाजले! छपराचे पत्रे दणाणले. अख्खा तलाव गप्प झाला, मुले जिथल्या तिथे थबकली, आणि पंपाच्या खोलीच्या दारात काका उभे होते.

बाबांनी दांडी सोडली. हातपाय कसेही मारत, पाणी गिळत, खोकत ते आवाजाकडे निघाले. मध्येच दिशा चुकली. तिने पुन्हा फुंकले. ते वळले. "पाय, बाबा! पाय मार!" पुन्हा फुंकले. मुले कडेने गोळा होऊन ओरडू लागली, "काका, इकडे! काका, पाय!" शेवटी बाबांचा हात भिंतीला लागला. त्यांनी तिचा घोटा धरला आणि धापा टाकत विचारले, "किती... किती खोल आहे इथं?"

चुळबुळ वाकून म्हणाली, "उभा राहा."

"बुडीन गं."

"अरे, उभा तर राहा."

ते उभे राहिले. पाणी त्यांच्या कमरेला लागत होते.

आधी मुले हसली. मग बाबा. मग चुळबुळ कडेच्या ओल्या फरशीवर बसून हसत सुटली, आणि हसता हसता कधी रडू लागली ते कुणालाच कळले नाही. बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तिचे दोन्ही पाय धरून ठेवले. कुणी कुणाला गप्प केले नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. चुळबुळ नव्या रस्त्यांची मोजणी करते. आज या माळावर, उद्या त्या खिंडीत. एका ठिकाणी बसायचे काम तिला कुणी दिलेच नसते. तिच्या हाताखालची माणसे दूर मोजणीची काठी धरून उभी असतात, वारा असतो, गाड्यांचा गोंगाट असतो. हाक पोहोचत नाही, तिथे मी पोहोचते. बाबा आता खोल पाण्यातही जातात, पण चष्म्याशिवाय भिंतीला डोके आपटते, अशी त्यांची तक्रार तिला फोनवर ऐकायला मिळते. आईचा तो चष्मा दुकानातल्या त्या खणात अजून तसाच आहे. त्याच्यावर कुणी फुंकर घातलेली नाही, आणि घालूही नये.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तरी अशी एखादी वस्तू ठेवली असेल. एखादा रुमाल, बंद घड्याळ, कान तुटलेला कप. ती तुम्हाला मळकी वाटेल, अडगळ वाटेल. तरी ती धुण्याआधी, हलवण्याआधी, टाकण्याआधी एकदा विचारा, "यात तुझं काय आहे?" आणि ती वस्तू तुमची असेल तर कोंडून बसू नका. घरातल्या एका तरी माणसाला सांगा. न सांगितलेली वस्तू फार जड होते. मी बोटाएवढी आहे, पण त्या लहान गळ्यात माझे वजन किती झाले होते ते मला माहीत आहे.

बरे, आता मला निघायला हवे. खिंडीपलीकडे तिच्या हाताखालचा माणूस चुकीच्या दगडावर काठी धरून उभा आहे, आणि तिने छाती भरून श्वास घेतला आहे.